पाच सांध्यांचे पात्र

पाली विनयपिटकात भिक्षूंसाठी एक लहानसा नियम आहे. भिक्षापात्राला पाचापेक्षा कमी सांधे, म्हणजे दुरुस्तीचे जोड, असताना एखाद्याने नवे पात्र मिळवले, तर तो दोष ठरतो. ते नवे पात्र मग संघापुढे ठेवायचे. ज्येष्ठतेच्या क्रमाने ते एकेका भिक्षूपुढे येते. ज्याला पसंत पडेल त्याने ते घ्यावे आणि आपले जुने पुढे द्यावे. असे होत होत शेवटी जे पात्र कुणालाच नको असते ते दोषी भिक्षूच्या हाती येते, आणि फुटेपर्यंत तेच वापरायचे अशी त्याला आज्ञा होते. नियमामागची कथाही विनयातच सांगितली आहे. एका कुंभाराने भिक्षूंना मोकळ्या मनाने म्हटले, की ज्याला पात्र हवे त्याने माझ्याकडून न्यावे. भिक्षूंनी इतकी पात्रे नेली की त्याला विकण्यापुरता माल घडवता येईना. धंदा बसला, बायकामुलांचे हाल होऊ लागले. तेव्हा हा निर्बंध आला. नवे केव्हा घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर इथे घेणाऱ्याच्या मनशांतीपासून सुरू होत नाही. ते घडवणाऱ्याच्या घरापासून सुरू होते. जुना मोबाइल बदलून नवा घेण्याच्या आजच्या अगदी साध्या व्यवहाराला हा नियम जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण त्यातले दोन प्रश्न मात्र आपल्याला चुकवता येत नाहीत. जुने खरोखर निकामी झाले हे कुणी ठरवायचे? आणि नवे घेताना स्वतःला किती बांधून घ्यायचे?

इतक्या किरकोळ खरेदीत धर्म कशाला आणायचा, असे कुणी म्हणेल. पण भिक्षापात्रही किरकोळच होते. भिक्षूचे रोजचे जगणे त्या एका वस्तूवर चालत असे, म्हणूनच तिच्याबद्दल नियम करावा लागला. आज सामान्य कुटुंबात ती जागा फोनने घेतली आहे, आणि सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यासारख्या मुलखात तर ती स्पष्ट दिसते. इथल्या डोंगरकपारीतल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला हमाली-माथाडी कामासाठी गेली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. गावातली म्हातारी आई आणि नवी मुंबईच्या बाजार समितीत कामाला असलेला मुलगा यांच्यातला रोजचा धागा म्हणजे फोन. जुलै २०२१ मधल्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि माणसे दगावली. अशा पट्ट्यात वेळेवर पोचलेल्या निरोपाची किंमत वेगळी सांगायला नको. त्यातच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करावी अशी अपेक्षा आली आणि कॅमेरा व जीपीएस असलेला फोन हा सातबाऱ्याच्या कामाचा भाग झाला. तेव्हा फोन म्हणजे चैन, ती सोडा, हा उपदेश इथे टिकत नाही. ज्यांचे मुख्य मठस्थान याच तालुक्यातल्या चाफळला होते त्या समर्थ रामदासांनीही प्रपंच नेटका करूनच परमार्थाकडे जावे असे सांगितले. साधने नीट निवडणे हा नेटक्या प्रपंचाचाच भाग आहे.

आता पहिला प्रश्न. जीर्ण झालेले वस्त्र टाकून माणूस नवे घेतो तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. त्या दृष्टान्तात एक गोष्ट गृहीत धरली आहे: वस्त्र आधी जीर्ण होते, मग टाकले जाते. बाजाराने हा क्रम उलटवला. नव्याची जाहिरात आधी येते आणि मग हातातला फोन जुना वाटू लागतो. काही वेळा तर वस्तूच्या आतूनच तिला म्हातारपण आणले जाते. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले की बॅटरी उतरलेल्या जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, हा कंपनीचा खुलासा खोटा नव्हता. पण वेग घसरला तो बॅटरीमुळे, हे ग्राहकाला सांगितलेच गेले नव्हते. बॅटरी बदलली असती तर फोन पूर्वीसारखा चालला असता. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी फोनच मोडीत काढला असणार. एका सांध्याने भागले असते तिथे पात्रच बदलले गेले. पाच सांध्यांचा नियम फोनला लावायचा तर सांधे शोधायला लांब जावे लागत नाही. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा भरली-उतरली की तिची धारणशक्ती घटते, आणि ती बदलता येते. फुटलेला पडदा बदलता येतो. चार्जिंगची सैल झालेली जागा, बसलेला स्पीकर किंवा माइक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नीट होतो. जागा संपून फोन रेंगाळत असेल तर फोटो-व्हिडिओ दुसरीकडे हलवून, तो पुसून नव्याने सुरू करता येतो. एवढे करून पाहण्याआधी फोन गेला असे म्हणणे म्हणजे आपल्या कंटाळ्याला वस्तूचा दोष म्हणणे होय.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फोन म्हणजे मातीचे किंवा लोखंडाचे पात्र नव्हे. पात्र सांधले की पुन्हा पहिल्याइतकेच सुरक्षित होते. फोनचे तसे नाही. कंपनीने सुरक्षा अपडेट देणे थांबवले की तो वरून धडधाकट दिसला तरी आतून उघडा पडत जातो, आणि त्याच फोनवर बँकेचे खाते, यूपीआय आणि आधारचे ओटीपी असतात. जुन्याला चिकटून राहणाऱ्याची काटकसर घरच्या पैशांना धोक्यात घालणार असेल तर तिला सद्गुण कसे म्हणायचे? हा आक्षेप मान्य करायलाच हवा, आणि मान्य केल्याने मूळ नियम अधिक स्पष्ट होतो. जे दुरुस्तीने परत मिळते ते नसणे म्हणजे जीर्णता नव्हे. जे दुरुस्तीने मिळतच नाही ते संपणे म्हणजे जीर्णता. अपडेट संपणे, बँकेचे ॲप त्या फोनवर चालेनासे होणे, आवश्यक नेटवर्कवर तो न चालणे, ही बदलाची खरी कारणे. नव्या फोनचा कॅमेरा अधिक चांगला आहे हे कारण मात्र त्यात बसत नाही. आणि ही जीर्णताही निसर्गाने येत नाही, ती कंपनी ठरवते. म्हणून ती नैतिक प्रश्नाच्या बाहेर राहत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत विक्री थांबल्यावरही पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग देणे निर्मात्यावर बंधनकारक केले. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. तिथे माहिती मिळते, पण अशी सक्ती नाही. विनयातला निर्बंध पात्र मागणाऱ्यावर होता. आजच्या काळात तसाच निर्बंध घडवणाऱ्यावरही घालावा लागतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो दुकानात पाऊल टाकण्याआधीच सोडवावा लागतो. जैन आचारात गृहस्थासाठी पाचवे अणुव्रत सांगितले आहे ते परिग्रहाच्या परिमाणाचे. साधूने सर्वस्व सोडायचे. गृहस्थाने मात्र जमीन, घर, सोने, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा आधी ठरवायची आणि त्यापलीकडचे नाकारायचे. सांगली-कोल्हापूरकडे शेती करणारा मोठा मराठी जैन समाज आहे, त्यामुळे हा विचार या मुलखाला परका नाही. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता वस्तूविषयीच्या मोहावरून केली. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की व्रताचे मर्म कळते. मोह झाल्यावर मर्यादा ठरवता येत नाही, कारण तेव्हा मर्यादा ठरवणाराही मोहच असतो. म्हणून ती आधी ठरवायची. फोनच्या बाबतीत याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. कामे कोणती ती लिहून काढावीत: बोलणे, निरोप, पैसे देणे-घेणे, पीक पाहणी, मुलांचा अभ्यास. त्यांना किती साठवण आणि किती बॅटरी लागते ते पाहावे. घरच्या खोऱ्यात कोणत्या कंपनीची रेंज पोचते ते पाहावे. मग रकमेचा आकडा ठरवावा आणि तो दुकानदाराला सांगू नये.

हे परिमाण ठरले की किफायतीचा हिशेबही बदलतो. समजा एक फोन १२ हजारांचा आहे आणि त्याची अपडेट दोन वर्षांत संपणार आहेत. दुसरा १८ हजारांचा असून त्याला सहा वर्षे अपडेट मिळणार आहेत. पहिला महिन्याला ५०० रुपयांना पडतो, दुसरा २५० रुपयांना. दुसऱ्यात मध्ये एकदा दोन हजारांची बॅटरी बदलली तरी महिन्याचा खर्च २८० रुपयांच्या आतच राहतो. असे फोन आता फक्त श्रीमंतांसाठी राहिलेले नाहीत. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून सात वर्षांची अपडेट जाहीर केली, तर सॅमसंगने गॅलॅक्सी ए१६ सारख्या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांची. मात्र ही मुदत फोन बाजारात येतो तेव्हापासून चालू होते, आपण विकत घेतो तेव्हापासून नव्हे. म्हणून सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या मॉडेलची किंमत उरलेल्या वर्षांनी भागून पाहावी. वापरलेला फोन घेणे तर सांध्यांच्या नियमाला सर्वांत जवळचे. तिथे बिल मागावे, *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि तो संचार साथी पोर्टलवर किंवा १४४२२ या क्रमांकावर एसएमएस पाठवून तपासावा. चोरीचा माल स्वस्तात घेतला तर अपरिग्रहाच्या नादात अस्तेय, म्हणजे चोरी न करण्याचे व्रत, मोडते.

आता कराराकडे वळू. भारतात फोन सहसा कोणत्याही कंपनीच्या सिमला मोकळा असतो आणि बहुसंख्य ग्राहक प्रीपेड वापरतात. परदेशांतल्यासारखा दोन वर्षांचा करार इथे रुजला नाही. पण तो आणण्याचे प्रयत्न झाले. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घरी न्या अशी योजना काढली. बाकीची रक्कम तीन वर्षांच्या हप्त्यांत भरायची होती आणि फोन त्याच कंपनीच्या सेवेशी बांधलेला होता. अनेकांनी पुढची बिले भरलीच नाहीत आणि कंपनीला मोठी थकबाकी सोसावी लागली. २०२१ च्या दिवाळीत आलेला जिओफोन नेक्स्ट रोख ६,४९९ रुपयांना होता; हप्त्यांवर घेणाऱ्याला महिन्याच्या रिचार्जमध्येच हप्ता मिसळून मिळत होता, म्हणजे फोनची किंमत किती आणि डेटाची किती हे त्याला वेगळे दिसतच नव्हते. आजचा करार मुख्यतः शून्य टक्के हप्त्याच्या रूपात येतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. व्याज कुठेतरी किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडवलेले असते. हप्ता थकला की दुरून फोनच बंद करणारी ॲपही काही कर्जांसोबत बसवली गेली. ज्या साधनावर रोजगाराचा फोन यायचा, तेच थकबाकीसाठी ओलीस राहिले.

इथे एक गंभीर तात्त्विक आक्षेप उभा राहतो. व्रतही माणसाला बांधतेच, करारही बांधतो. दोन्हींत आजचा मी उद्याच्या मीला शब्दात अडकवतो. मग एकाला मुक्ती म्हणायचे आणि दुसऱ्याला बंधन, हा दुटप्पीपणा नाही का? शिवाय दिलेला शब्द पाळणे हा तर धर्मच. मला वाटते, फरक बंधनात नसून बंधनाच्या दिशेत आहे. व्रत इच्छेला आधी मर्यादा घालते, आणि पुढे काळ जाईल तसे माणसाचे हात अधिक मोकळे होत जातात. हप्ता इच्छा आधी पुरवतो, आणि इच्छा ओसरून गेल्यावरही तिचे देणे मागे लागते; दीड वर्षांनी नवेपण केव्हाच संपलेले असते, हप्ते मात्र उरलेले असतात. दुसरे म्हणजे व्रताच्या अटी घेणाऱ्याला पूर्ण ठाऊक असतात, तर हप्त्याच्या अटी बहुधा समोरच्यालाच ठाऊक असतात. शब्द पाळण्याचे मोल खरेच आहे, पण ज्याचा अर्थ आपल्याला सांगितला गेला नाही तो शब्द देण्याची घाई करू नये हेही त्यातच येते. गृहस्थाची चार सुखे सांगताना बुद्धाने अनाथपिंडिक या गृहस्थाला कष्टाने मिळवलेले जवळ असण्याचे आणि ते उपभोगण्याचे सुख आधी सांगितले, आणि त्याच्या पंगतीला कुणाचे देणे नसण्याचे आणि निर्दोष वागण्याचे सुख बसवले. उपभोगाला तिथे नकार नाही. पण देणेकरी देणे फिटेपर्यंत चारांपैकी एका सुखाला मुकतो. हा केवळ ग्रंथातला विचार नाही, दख्खनच्या इतिहासातही तो उमटला आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले तेव्हा जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. तो कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. न वाचता उठवलेल्या अंगठ्याने माणूस किती बांधला जातो हे या मुलखाने एकदा पाहिले आहे. आज अंगठा स्क्रीनवर उठतो, एवढेच.

पण यातूनच सर्वांत बोचरा आक्षेप येतो. रोखीने घ्या, हप्ता नको, हे सांगणे ज्याच्या हातात १८ हजार आहेत त्याला सोपे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा फोन बिघडला आणि अनुदानाची केवायसी अडली, तर तिने सहा महिने पैसे साठवत थांबावे का? तिच्यापुढे अपरिग्रहाचा पाठ वाचणे क्रूर आहे. हा आक्षेप खोडण्याचा प्रयत्नच करू नये. परिमाणाचे व्रत स्वतःसाठी घ्यायचे असते, दुसऱ्याच्या गरजेवर लादायचे नसते. आणि कामासाठी, उघड व्याजाने, समजून घेतलेले कर्ज हा अधर्म नव्हे. मात्र त्या बाईला कोणते पर्याय उपलब्ध आहेत हे तिच्या एकटीच्या सद्गुणावर सोडून चालणार नाही. बचत गट आणि गावची भिशी यांत दरमहा तेवढीच रक्कम जाते. भिशीतही बंधन आहे, पहिल्यांदा उचलणारा इतरांचा देणेकरीच असतो. पण अटी तोंडपाठ असतात, देणे ओळखीच्या माणसांचे असते आणि त्यासाठी कुणी तिचा फोन दुरून बंद करत नाही. दोनतीन हजारांच्या दुरुस्तीने जुना फोन चालता होत असेल, तर तो पर्याय तिला आधी मिळायला हवा. आणि सरकार ज्या कामासाठी स्मार्टफोनची अपेक्षा ठेवते, ते काम फोन नसलेल्याला तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत सन्मानाने करता येईल अशी सोय ठेवणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. गरज बाहेरून निर्माण करायची आणि तिचा भार गरजवंताच्या संयमावर टाकायचा, हे न्यायाचे नाही.

अखेरचा आक्षेप अर्थशास्त्राचा. सगळ्यांनी पाच सांधे होईपर्यंत फोन वापरले तर कारखाने मंदावतील, जोडणी करणाऱ्या पोरापोरींचे काम जाईल. कुंभाराच्या कथेचा आधार घेणाऱ्याने या कुंभारांचाही विचार करावा. तो करायलाच हवा. पण कथेतला कुंभार उपाशी राहिला तो त्याची पात्रे कमी खपली म्हणून नव्हे, तर त्याच्या मेहनतीचा मोबदला न देता ती उचलली गेली म्हणून. आपल्या फोनच्या किमतीतही असा न दिलेला मोबदला दडलेला असतो. जगातल्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक काँगोच्या खाणींतून येते, आणि तिथल्या काही खाणींत हाताने खणणाऱ्यांत लहान मुलेही असल्याचे वारंवार नोंदवले गेले आहे. फोनच्या आयुष्यातले बहुतांश कार्बन उत्सर्जन तो वापरताना होत नाही, तो तयार होतानाच होते. त्यामुळे वापराचे प्रत्येक वाढीव वर्ष हे न दिलेले देणे थोडे कमी करते. शिवाय काम म्हणजे फक्त नवे घडवणे नव्हे. पाटण, मल्हारपेठ, ढेबेवाडीच्या बाजारपेठेत दुरुस्ती करणारा तरुणही कारागीरच आहे. नव्या फोनवर खर्च होणाऱ्या रकमेचा फार थोडा भाग तालुक्यात राहतो. दुरुस्तीच्या मजुरीचा बराच भाग राहतो.

हे सारे जोडून पाहिले तर किफायतशीर फोन कोणता, या प्रश्नाला एखाद्या मॉडेलचे नाव हे उत्तर होऊ शकत नाही. जे मॉडेल आज योग्य आहे ते पुढच्या दिवाळीत नसेल. टिकते ते निवडण्याचे तत्त्व: सांधता येईल तोवर सांधावे, सांधता न येणारे संपले की बदलावे, बदलण्याआधी आपले माप स्वतः ठरवावे, आणि पुढची खरेदी आपल्या वतीने दुसरा कुणी ठरवू शकेल असे काही आज कबूल करू नये. करारमुक्त फोनचे खरे मोल यातच आहे. काही हजार रुपये वाचतात हा त्याचा लहान फायदा. उद्या गरज नसेल तर न घेण्याचे स्वातंत्र्य शाबूत राहते हा मोठा. हे स्वातंत्र्य ज्याला जपता येते त्याने ते जपावे, आणि ज्याला परिस्थितीने ते नाकारले आहे त्याला मिळावे म्हणून दुरुस्तीचा हक्क, उघड व्याज आणि सुट्या भागांची सक्ती यांचा आग्रह धरावा. स्वतःपुरते परिमाण आणि इतरांसाठी न्याय, यांपैकी एकच उचलले तर पहिले कंजूषपणा होते आणि दुसरे भाषण.